घाटानंतर गिअरबॉक्स ऑईल कधी कमी, कधी जास्त: मोटरहोममध्ये एटीएफची पातळी आणि तापमान कसं तपासायचं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कॅम्परबद्दल कोकणात वरचेवर येणारी तक्रार अशी. कोल्हापूरहून निघताना सगळं ठीक. आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला मुक्काम, आणि परतीला घाट चढताना वळणावर गाडी रेस घेते पण ओढत नाही, मग झटका देऊन गिअर पकडते. घाटमाथ्यावरचा मेकॅनिक तापलेल्या गिअरबॉक्सचा प्लग उघडतो, भसकन ऑईल येतं, 'जास्त आहे' म्हणून तो ते काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी दुसरा कोणी बघतो, 'कमी आहे' म्हणून अर्धा लिटर भरतो. पुढच्या घाटाला पुन्हा तेच. ना गळती, ना धूर, आणि पातळी मात्र दर वेळी वेगळी.

कारण साधं आहे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एटीएफ, तापलं की फुगतं: दर अंश सेल्सिअसला साधारण 0.075 टक्के. गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलर मिळून 10 लिटर ऑईल धरलं, तर सकाळच्या 30 अंशांपासून घाटातल्या 90 अंशांपर्यंत ते जवळजवळ 450 मिलीलिटर वाढतं. इंजिन ऑईलच्या डिपस्टिकवर मिन ते मॅक्स हे अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराचं असतं, त्यामुळे तिथे असा फरक खपून जातो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑईलच्या भांड्यात, तेवढी ढिलाई नसते. म्हणून 'पातळी बरोबर आहे' या वाक्याला सोबत तापमानाचा आकडा नसेल तर अर्थ नाही.

कमी आणि जास्त, दोन्हीची लक्षणं बरीचशी सारखी असतात आणि गोंधळ तिथेच होतो. ऑईल कमी असलं की वळणावर किंवा चढावर ते चेंबरच्या एका बाजूला सरकतं, पंपाची गाळणी उघडी पडते, पंप हवा ओढतो. जास्त असलं की फिरणारे भाग ऑईलात बुडतात, घुसळून फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो. हवा दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. त्यामुळे दोन्हीकडे क्लच प्लेटवर पुरेसा दाब येत नाही, गिअर सटकतो, प्लेटी घासतात आणि उष्णता आणखी वाढते. फरक ओळखायचा तर थोडं निरखून बघावं लागतं. D किंवा R टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद उशिरा पकडत असेल आणि पंपाचा बारीक कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर कमीची शक्यता जास्त. ब्रीदरभोवती (गिअरबॉक्समध्ये हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेलं तोंड) ओलं लाल ऑईल आणि घाटानंतर खालून जळका वास, हे जास्त झाल्याचं लक्षण. हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, कारण ब्रीदरमधून उडालेलं एटीएफ गरम सायलेन्सरवर पडून पेट घेऊ शकतं.

आधी आपल्या गाडीत कोणती व्यवस्था आहे ते बघा

आपल्याकडचे बहुतेक मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरसारख्या मॅन्युअल गाडीवर बांधलेले असतात, त्यांना यातलं काही लागू नाही. एएमटी असेल तर तोही आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर हलवायला फक्त यंत्र बसवलेलं. त्यात साधं गिअर ऑईल असतं. हे सगळं आहे ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांसाठी: ऑटोमॅटिक इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सच्या मागे बसवलेले कॅम्पर, इनोव्हा क्रिस्टा किंवा फॉर्च्युनरवर केलेले छोटे कॅम्पर, आणि बसच्या चासीवर अ‍ॅलिसन गिअरबॉक्स असलेल्या मोठ्या गाड्या.

यांत तीन प्रकार भेटतात. जुन्या गाड्यांत डिपस्टिक. नव्या पिकअप आणि एसयूव्हींत बहुधा डिपस्टिक नसते, चेंबरच्या तळाला ओव्हरफ्लो प्लग असतो आणि त्याच्या आत एक उभी नळी. ठरलेल्या तापमानाला ऑईल त्या नळीच्या काठाशी असलं की पातळी बरोबर. तिसरा प्रकार अ‍ॅलिसनचा, जिथे आतला सेन्सर पातळी मोजून गिअर सिलेक्टरच्या पडद्यावर दाखवतो. ओव्हरफ्लो प्रकारात एक खबरदारी घ्या. काही गिअरबॉक्सांत ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच भोकातून होतो. प्लग काढल्यावर आतली नळीही चावीने फिरवलीत तर पातळी तपासायच्या ऐवजी सगळं चेंबर रिकामं होईल.

गाडी सपाटीवर आहे का?

कोकणातल्या घराचं अंगण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उताराचं केलेलं असतं. डोळ्यांना सपाट वाटतं, लेव्हल बॉटल ठेवली की दोन अंश निघतात. 40 सेंटिमीटर लांबीच्या चेंबरमध्ये दोन अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 14 मिलीमीटरचा फरक. बऱ्याच डिपस्टिकवर कमी आणि जास्तच्या खुणांमध्ये एवढंच अंतर असतं.

मोटरहोमची आणखी एक गोष्ट मेकॅनिकच्या लक्षात येत नाही. पाण्याची टाकी बहुधा मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे असते. 100 लिटरची टाकी भरली की मागच्या पाट्या बसतात आणि गाडीचं नाक वर जातं. त्यामुळे लेव्हल जमिनीची किंवा आतल्या फरशीची बघू नका. गिअरबॉक्सच्या शेजारी चासीच्या रेलवर लेव्हल बॉटल ठेवा, लांबीत एकदा, रुंदीत एकदा. कमी पडेल त्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घाला. कॅम्पिंगसाठी दिलेले लेव्हलिंग जॅक गाडी समतल करायला ठीक, पण त्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे हायवेवरच्या ट्रक गॅरेजातला पिट. चारही चाकं जमिनीवर राहतात आणि खाली उभं राहून काम करता येतं. जडशीळ कॅम्पर दोन खांबी लिफ्टवर चढवण्यापेक्षा हे कधीही बरं.

तापमान कशावर मोजायचं

स्कॅनर सर्वांत भरवशाचा. पण एटीएफचं तापमान प्रत्येक कंपनी आपापल्या कोडमध्ये देते, त्यामुळे साधा ब्लूटूथ डोंगल आणि फुकटचं ॲप इंजिन कूलंटचं तापमान दाखवून थांबतं. ते कूलंटचं तापमान गिअरबॉक्सचं म्हणून वापरू नका, दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. ॲपमध्ये आपल्या गाडीचा ट्रान्समिशनचा कोड टाकता येतो का ते बघा, नाहीतर स्कॅनर असलेल्या गॅरेजात जा.

इन्फ्रारेड गनने काम भागतं, थोडं तारतम्य ठेवून. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर गन मारली तर ती खूप कमी आकडा दाखवते. चेंबरच्या तळाला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि जवळून त्या टेपवरच मोजा. आतलं ऑईल त्यापेक्षा काही अंश गरम असतं, हे धरून चाला. कूलरच्या पाइपवर मोजू नका. कन्व्हर्टरमधून बाहेर येणारं ऑईल चेंबरमधल्यापेक्षा बरंच तापलेलं असतं.

ओव्हरफ्लो प्लगची तपासणी

इथे वेळ कोणती निवडता याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. बऱ्याच आयसिन बनावटीच्या गिअरबॉक्सांना तपासणीचं तापमान 35 ते 45 अंशांच्या आसपास दिलेलं असतं, झेडएफच्या आठ-गिअरवाल्यांना 30 ते 50. नेमका आकडा आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच घ्या. थंड देशात हा टप्पा गाठायला इंजिन बराच वेळ चालू ठेवावं लागतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे मे महिन्यात पहाटेच हवा 27-28 अंश असते, म्हणजे गाडी चालू करून गिअर फिरवेपर्यंत तो टप्पा सुरू होतो आणि बघता बघता निघूनही जातो. दुपारी तर विचारच करू नका: सकाळी चाललेली गाडी उन्हात उभी असेल तर संध्याकाळपर्यंतही 45 च्या खाली येईलच असं नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी सहा-सातची वेळ, आणि सगळी हत्यारं आधीच हाताशी.

हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, एसी बंद करा. इंजिन चालू करायच्या आधी भरायचा प्लग, म्हणजे फिलर, सैल होतो का ते बघून घ्या. खाऱ्या हवेत तो गंजून बसलेला असतो, आणि खालून ऑईल काढल्यावर वरून भरताच येत नाही असं कळलं तर गाडी तिथेच अडकते. आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवलेला बरा.

इंजिन चालू करा, ब्रेक दाबून ठेवा आणि लिव्हर P पासून R, N, D असा सावकाश फिरवा. प्रत्येक जागी चार-पाच सेकंद, मग तसाच परत P मध्ये. यामुळे कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग) आणि क्लचच्या वाटा ऑईलाने भरतात. इथून पुढे इंजिन चालूच राहिलं पाहिजे. बंद इंजिनाला ओव्हरफ्लो उघडला तर कन्व्हर्टरमधून खाली उतरलेलं ऑईलही बाहेर येतं आणि 'केवढं जास्त होतं' असा गैरसमज होतो. वर सांगितलेल्या झटक्याच्या तक्रारींत हे कारण वारंवार सापडतं.

स्कॅनरवर टप्प्याचा खालचा आकडा दिसला की प्लग उघडा. सुरुवातीला जे थोडं ऑईल सांडतं ते नळीत साठलेलं असतं, ते मोजू नका. त्यानंतर काय होतं ते बघा. जाड धार लागली तर पातळी जास्त आहे. धार बारीक होऊन तुटक थेंबांवर येईपर्यंत थांबा आणि प्लग लावा. काहीच आलं नाही तर हातपंपाने फिलरमधून 100-100 मिलीलिटर भरत जा, दर वेळी अर्धा मिनिट थांबा. ओव्हरफ्लोमधून सुतासारखी धार सुरू झाली की भरणं बंद, ती थेंबांवर आली की प्लग बंद. हे सगळं टप्प्याच्या वरच्या आकड्याच्या आत व्हायला हवं. आकडा ओलांडला तर घाई करून 'जवळपास झालं' म्हणू नका. प्लग लावा, इंजिन बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसा. वॉशर दर वेळी नवा. जुना वॉशर वापरून वाचलेले पैसे अंगणातल्या लाल डागांत जातात.

किती ऑईल बाहेर आलं, किती घातलं, ते मोजपात्रात मोजून तारीख आणि तापमानासह लिहून ठेवा. अर्ध्या लिटरहून जास्त घालावं लागलं तर ते कुठेतरी गेलं आहे. एटीएफ इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही.

डिपस्टिक असेल तर

डिपस्टिकवर बहुधा दोन पट्टे असतात, थंडचा आणि गरमचा. थंडचा पट्टा फक्त गाडी हलवण्यापुरतं ऑईल आहे की नाही एवढं सांगतो. खरी पातळी गरमवर. बऱ्याच गाड्यांत ती 70 ते 80 अंशांना बघतात. अ‍ॅलिसनच्या 1000 आणि 2000 मालिकेत थंडचा पट्टा 16 ते 49 अंशांसाठी आणि गरमचा 71 ते 93 अंशांसाठी आहे. कोकणात हे तापमान मिळायला पंधरा-वीस किलोमीटरची सपाट रस्त्यावरची फेरी पुरते. घाट चढून आल्या आल्या बघू नका, आकडा वर गेलेला असतो आणि ऑईलात हवाही मिसळलेली असते.

इंजिन चालू, लिव्हर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी: काही गाड्यांत P, काहींत N. डिपस्टिक पुसायला गॅरेजातलं कॉटन वेस्ट घेऊ नका. त्याचे धागे नळीतून आत जातात आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक छिद्रांत अडकतात. तंतू न सुटणारा कापड वापरा. डिपस्टिक दोन्ही बाजूंनी वाचा आणि कमी दिसेल ती बाजू खरी धरा, कारण नळीच्या भिंतीला लागून एक बाजू हमखास जास्त ओली होते. ऑईल घातल्यावर नळीतून उतरायला पाच मिनिटं द्या.

सेन्सरवाल्या अ‍ॅलिसनमध्ये गाडी सपाटीवर, इंजिन आयडलवर, N मध्ये, आणि चेंबरचं तापमान 60 ते 104 अंश हवं. पुश-बटण सिलेक्टरवर वर-खालचे दोन्ही बाण एकदम दाबले की दोन मिनिटांची उलटी मोजणी लागते. नंतर 'ओएल ओके' आलं तर बरोबर, 'एलओ' आणि आकडा आला तर तितके क्वार्ट कमी, 'एचआय' आला तर जास्त. एक क्वार्ट म्हणजे 950 मिलीलिटरच्या आसपास. मोजणीऐवजी 70 आलं तर ऑईल थंड आहे, 79 आलं तर फार तापलेलं.

पातळी बरोबर, तरी घाटात तापतं

चालताना चेंबरमध्ये 80 ते 95 अंश हे नेहमीचं तापमान. 110 च्या वर गेलं की भार कमी करा, 120 ला थांबा. दर दहा-अकरा अंशांनी ऑईलचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब या धंद्यात धरतात. डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो तोवर बराच उशीर झालेला असतो, त्यावर विसंबू नका.

आंबोली किंवा कुंभार्लीसारख्या घाटात ट्रकच्या मागे 15-20 च्या वेगाने चढताना कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटलेला असतो. इंजिनाची बरीच ताकद ऑईल घुसळण्यात जाते आणि हवा मात्र पुरेशी लागत नाही. D मध्ये सोडून दिलं तर गिअर सारखा वर-खाली करत राहतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा आणि समोरच्या ट्रकला अंतर द्या, म्हणजे एका लयीत चढता येईल. थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका. P किंवा N मध्ये रेस 1200-1500 वर ठेवून पाच-सात मिनिटं चालू द्या. पंप फिरतो, ऑईल कूलरमधून जातं आणि आकडा उतरताना दिसतो. D मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलात तर उलट तापत राहील.

सुरूच्या बनातल्या वाळूत चाक रुतलं असताना D मध्ये रेस देत राहणं हा गिअरबॉक्स मारायचा सगळ्यात जलद मार्ग. गाडी हलत नाही, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद उष्णता होऊन ऑईलात जाते, आणि पाच-दहा सेकंदांत कन्व्हर्टरमधलं ऑईल धोक्याच्या वर जाऊ शकतं. टायरची हवा कमी करा, फळ्या घाला, माणसं बोलवा.

कूलरकडेही बघा. समोरच्या जाळीला किडे आत येऊ नयेत म्हणून लावलेली मच्छरदाणी, पुढे टांगलेल्या सायकली, पंखांत बसलेलं मीठ आणि लाल माती, हे सगळं हवा अडवतं. किनाऱ्यावरच्या मुक्कामानंतर कूलर आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा, पण कमी दाबाने. प्रेशर वॉशरने पंख वाकतात आणि पाणी ब्रीदरमध्ये शिरतं.

खरंच कमी होत असेल तर

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा. एसीचं पाणी पुठ्ठ्यावर वाळून जातं, एटीएफचा लाल-तपकिरी डाग राहतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल तर कन्व्हर्टरचं सील, मागच्या टोकाला असेल तर आउटपुट शाफ्टचं. कोकणातल्या गाड्यांत मात्र आधी कूलरचे लोखंडी पाइप बघा, आणि तेही रबरी क्लिप सोडवून. खारं पाणी क्लिपखाली धरून राहतं आणि वरून धड दिसणारा पाइप तिथेच गंजून सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. गरम झालं, दाब वाढला की तिथून फवारा येतो आणि थंड झाल्यावर डागही पडत नाही.

वर घालायचं ऑईल मॅन्युअलमधल्याच स्पेसिफिकेशनचं. बाजारात 'लाल ऑईल' म्हणून मिळतं ते बऱ्याचदा पॉवर स्टिअरिंगसाठीचं जुन्या डेक्सरॉन प्रकारचं असतं. नव्या सहा-गिअरवाल्यांना लागणारं ऑईल त्याहून पातळ असतं. तालुक्याच्या गावात योग्य ऑईल मिळेलच असं नाही, म्हणून दोन लिटर आणि तीन-चार वॉशर गाडीतच ठेवा.

आणि ऑईल सोलकढीच्या रंगाचं दिसलं तर पातळी बघत बसू नका. त्यात पाणी आहे. एक वाट पावसाळ्यातली: तापलेला गिअरबॉक्स पाणी भरलेल्या रस्त्यावर किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवर ओहोटीच्या वेळी खाऱ्या पाण्यात उतरला की एकदम थंड होतो, आत पोकळी तयार होते आणि ब्रीदर पाणी ओढतो. दुसरी वाट रेडिएटरच्या आतल्या कूलरची: तो फुटला की कूलंट एटीएफमध्ये येतं. कूलंटच्या टाकीचं झाकण थंड इंजिनाला उघडून बघा. पातळी उतरली असेल किंवा वर तेलाचा थर असेल तर दोष रेडिएटरचा, टाकी स्वच्छ असेल तर बहुधा ब्रीदरचा. दोन्हीत गाडी चालवू नका, टो करा. पाण्याने क्लच प्लेटवरच्या अस्तराचा गोंद सुटतो, आणि एकदा अस्तर निघालं की ऑईल बदलून उपयोग नाही. वेळेत पकडलं तर कन्व्हर्टर आणि कूलरसकट सगळं फ्लश करून, गाळणी बदलून वाचू शकतं. रेडिएटर फुटला असेल तर तो आधी बदला, मग फ्लश. ब्रीदरचं पाणी असेल तर त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटच्या उंचीला, खाली वळवून बांधा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात आत पाणी ओढलं जाणार नाही.